पासिंगचे टायर

पेणला हायवेच्या कडेला माझ्या मामाचं गॅरेज आहे. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने तिथे टेम्पोंची रांग लागते, कारण पेणच्या कारखान्यांतल्या मूर्ती मुंबई-ठाण्याला पोचवणारे टेम्पोवाले त्याच सुमारास पाटे, ब्रेक, क्लच बघून घेतात. मी रोह्याचा. लहानपणी सुट्टी लागली की आई मला दिव्याच्या पॅसेंजरमध्ये बसवून द्यायची आणि पेणच्या स्टेशनवर मामा उभा असायचा, हात पुसायचं काळं फडकं खांद्यावर टाकून.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला चार टायर टांगलेले होते. जवळपास कोरे, खाचा खोल, कडा धारदार. त्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. ते ‘पासिंगचे टायर’. ज्या टेम्पोचं पासिंग असेल त्याला ते आदल्या रात्री चढायचे. तपासणी झाली की संध्याकाळी उतरायचे आणि गाडीवर तिचे आधीचे गोटा झालेले टायर परत बसायचे. एका हंगामात हे चार टायर पाच-सहा टेम्पोंवर बसून पास होऊन यायचे. मामा याचे पैसे घेत नसे. नवे टायर परवडत नाहीत अशा माणसाची एक अडचण आपण सोडवतो, एवढंच त्याच्या मनात असावं. मला तर ती शुद्ध हुशारी वाटायची. शाळेत मित्रांना मी ती गोष्ट फुशारकीने सांगत असे.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा मी इंजिनिअरिंग संपवून पहिल्या नोकरीला लागलो होतो आणि टाळेबंदीमुळे लॅपटॉप घेऊन रोह्याला परतलो होतो. ३ जूनला दुपारी घरांवरचे पत्रे कागदासारखे उडाले. मग किती तरी दिवस वीज नव्हती, म्हणजे नेट नव्हतं, म्हणजे कामही नव्हतं. पडवीत बसून मी एक पुस्तक वाचून काढलं. मोटारींच्या वेडापायी मागवलेलं, पण तोवर न उघडलेलं. नाव ‘द अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज’, लेखक मार्क डोनोह्यू. त्यातल्या एका प्रसंगाशी मी थबकलो. १९६८ साल, अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यातलं सेब्रिंग. एका संघाच्या दोन गाड्या शर्यतीत आहेत. एक नियमाप्रमाणे वजनाची, दुसरी नियमापेक्षा हलकी. संघ काय करतो? वजनदार गाडी १५ नंबर लावून तपासणीला नेतो. ती पास होते. मग ती गॅरेजात आणून तिच्यावरचा नंबर बदलून १६ करतो आणि तीच गाडी पुन्हा तपासणीला नेतो. कागदोपत्री दोन्ही गाड्या पास.

पासिंगचे टायर! मी पडवीत एकटाच मोठ्याने हसलो. हे हसू नंतर जरा उतरलं. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी हा डोनोह्यू कोण, ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे मोटार शर्यत म्हटलं की फॉर्म्युला वनपलीकडे गाडी जात नाही.

मागची सीट

फॉर्म्युला वनची गाडी ही फक्त शर्यतीसाठी जन्मलेली असते. तिला डिकी नसते, मागची सीट नसते, सासूबाईंना घेऊन ती लग्नाला जाऊ शकत नाही. सेडानच्या शर्यतींचं तसं नाही. दुकानात विकली जाते तीच गाडी घ्यायची, तिच्यातला फापटपसारा काढायचा, सुरक्षेसाठी आत लोखंडी पिंजरा बसवायचा, नियमात बसेल तेवढी सुधारणा करायची आणि वळणावळणांच्या ट्रॅकवर पळवायची. अशा शर्यतींची ‘ट्रान्स-अ‍ॅम’ ही मालिका अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने १९६६ मध्ये सुरू केली. पहिली शर्यत सेब्रिंगलाच झाली. दोन गट होते. दोन लिटरपर्यंतच्या इंजिनांचा एक आणि त्यावरच्या, पाच लिटरपर्यंतच्या इंजिनांचा दुसरा.

यात एक गंमत आहे. फोर्डची मस्टँग किंवा शेव्हरोलेची कमॅरो ही गाडी आपण पाहिली तर तिला कुणी सेडान म्हणणार नाही. दोन दारं, लांब नाक, आखूड शेपूट. पण तिला मागची सीट होती, भले त्या सीटवर शाळकरी पोरालाही गुडघे छातीशी घ्यावे लागोत. तेवढ्या सीटच्या जोरावर ती नियमांच्या भाषेत सेडान ठरली. दोनच सीटच्या कॉर्व्हेटला मात्र दार बंद. म्हणजे या खेळाचा पायाच व्याख्येच्या फटीत घातलेला होता.

कंपन्यांना यात रस असण्याचं कारण सरळ होतं. रविवारी जी गाडी जिंकली तिच्यासारखीच दिसणारी गाडी सोमवारी दुकानात उभी. शेव्हरोलेने यासाठी कमॅरोची ‘झेड २८’ ही आवृत्ती काढली. कंपनीकडे एक ३२७ घनइंची इंजिन होतं आणि एक २८३ घनइंची. एकाचा ब्लॉक आणि दुसऱ्याच्या मापाचा क्रँक असा मेळ घालून ३०२ घनइंचाचं इंजिन तयार झालं. पाच लिटरच्या मर्यादेच्या किंचित खाली! १९६७ मध्ये अशा फक्त ६०२ गाड्या बनल्या. विशेष म्हणजे शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स हिने १९६३ पासून शर्यतींत अधिकृतपणे भाग घेणं बंद केलं होतं. त्यामुळे दारात नकाराची पाटी आणि मागच्या दाराने मदत, असा कारभार होता.

मोजणारा माणूस

मार्क डोनोह्यू १९३७ मध्ये न्यू जर्सीत जन्मला. १९५९ मध्ये ब्राउन विद्यापीठातून त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. बावीसाव्या वर्षी स्वतःची १९५७ची कॉर्व्हेट घेऊन न्यू हॅम्पशरमधल्या एका डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरला आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकला. १९६१ मध्ये एल्व्हा कूरिअर या छोट्या ब्रिटिश गाडीत त्याने हौशी चालकांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. दिवसा नोकरी आणि शनिवार-रविवारी शर्यत, असा हा माणूस. चेहरा गोलसर, बोलणं नम्र. पत्रकारांनी त्याला ‘कॅप्टन नाइस’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडच्या भाषेत, सोसायटीचा हिशेब ज्याच्याकडे बिनधास्त द्यावा असा गृहस्थ.

वॉल्ट हॅन्सगेन या अनुभवी चालकाने त्याला हाताशी धरलं. दोघांनी १९६५ मध्ये सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत एकत्र फेरारी चालवली. एप्रिल १९६६ मध्ये ल मांच्या सरावात झालेल्या अपघातात हॅन्सगेन गेला. त्याच्या अंत्यविधीला रॉजर पेन्स्की नावाचा तरुण भेटला. स्वतः उत्तम चालक, पण लवकरच निवृत्त होऊन धंद्यात शिरलेला. त्याने डोनोह्यूला आपली गाडी चालवशील का, असं विचारलं. अमेरिकी शर्यतींच्या इतिहासातली एक मोठी जोडी अशी स्मशानाच्या वाटेवर जुळली.

पेन्स्कीच्या कमॅरोचे १९६७चे सुरुवातीचे महिने वाईट गेले. गाडी वळणावर ऐकेना, ब्रेक टिकेनात. इथे डोनोह्यूमधला इंजिनिअर पुढे आला, आणि मला तो आवडायला लागला तो इथेच.

त्या काळी बहुतेक चालक गाडीबद्दल अंदाजाने बोलत. मागून सुटते, पुढून ढकलते, बरी वाटते, वाईट वाटते. डोनोह्यूने ‘वाटते’ हा शब्द बाजूला ठेवला. मोकळ्या डांबरी मैदानावर ठराविक त्रिज्येचं वर्तुळ आखायचं, त्यावर गाडी जमेल तितक्या वेगाने गोल फिरवायची आणि एका फेरीचा वेळ मोजायचा. त्रिज्या आणि वेळ हातात असले की गाडी बाजूच्या दिशेने किती पकड धरते ते बारावीच्या भौतिकशास्त्राने काढता येतं. मग एकच गोष्ट बदलायची. टायरमधली हवा, किंवा स्प्रिंग, किंवा अँटी-रोल बार. पुन्हा फिरायचं, पुन्हा मोजायचं. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. आज आम्ही सॉफ्टवेअरमधली चूक शोधताना नेमकं हेच करतो, किंवा करायला हवं असं एकमेकांना सांगतो. शेव्हरोलेचे संशोधक मोजणीची यंत्रं घेऊन मदतीला येत. बाकीचे संघ हॉटेलात झोपलेले असताना हा माणूस आकडे लिहीत बसलेला असे.

फळ आलं. १९६७ मध्ये तीन शर्यती जिंकल्या. १९६८ मध्ये तेरापैकी दहा. हा विक्रम पुढे १९९७ पर्यंत टिकला, तेव्हा टॉमी केंडलने तेरापैकी अकरा जिंकून तो मोडला. १९६९ मध्ये बारापैकी सहा. दोन्ही वर्षी कंपन्यांचं विजेतेपद शेव्हरोलेला मिळालं. चालकांना अधिकृत किताब देण्याची पद्धत या मालिकेत १९७२ पासूनची. त्याआधीच्या वर्षांचे विजेते मागाहून मोजले गेले, आणि त्या यादीत १९६८, १९६९ आणि १९७१ या तीन वर्षांपुढे डोनोह्यूचं नाव आहे.

आम्लात बुडवलेला पत्रा

आता दुसरी बाजू. वर्तुळात फिरून मोजणं ही एक गोष्ट झाली. दुसरी अशी की गाडीचा नुसता सांगाडा आम्लाच्या टाकीत बुडवला गेला. आम्ल पत्रा खातं, पत्रा पातळ होतो, वजन उतरतं. नियमाने गाडीचं वजन किमान २८०० पौंड, म्हणजे सुमारे १२७० किलो हवं होतं. १९६७च्या हंगामात एका विजयानंतर गाडी वजनकाट्यावर चढवली तर ती २५० पौंडांनी हलकी निघाली. सव्वाशे किलोला थोडं कमी. म्हणजे दोन माणसं गाडीतून उतरवून शर्यत जिंकल्यासारखं. गाडी बाद होण्याची वेळ आली. विजय कसाबसा टिकला, पण यापुढे प्रत्येक गाडीचं शर्यतीआधी वजन होईल असा नियम आला.

संघाने ही गाडी फेकून दिली नाही. पुढच्या वर्षी तिला नव्या मॉडेलची जाळी आणि पट्ट्या लावून ती सेब्रिंगला नेली आणि वर सांगितलेला १५-१६चा खेळ केला. गाडी आपल्या गटात जिंकली आणि एकूण शर्यतीत तिसरी आली. आणखी एक हुशारी म्हणजे आम्लाने पातळ झालेल्या टपाला सुरकुत्या पडतात, त्या दिसू नयेत म्हणून टपावर व्हिनाइलचं आवरण चढवायचं. दिसायला शोभा, खाली लपवाछपवी.

सगळंच असं नव्हतं, आणि म्हणूनच हा माणूस गुंतागुंतीचा आहे. पेट्रोल पटकन भरावं म्हणून त्यांनी उंच मनोऱ्यावर टाकी बसवली. उंची वाढली की दाब वाढतो, दाब वाढला की काही सेकंदांत गाडी भरते. नियमात मनोऱ्याच्या उंचीबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं गेलं ते नंतर. ब्रेकचे पॅड शर्यतीत बदलायला वेळ जातो, कारण दाबून बाहेर आलेले पिस्टन पान्याने मागे रेटावे लागतात. यांनी इंजिनच्या निर्वाताची नळी ब्रेकच्या यंत्रणेला जोडली, पिस्टन आपोआप मागे ओढले गेले, पॅड झटक्यात बदलले. मामाला मी हे सांगितलं तेव्हा तो हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, “हा माणूस माझ्याकडे कामाला पाहिजे होता.”

मनोरा आणि आम्ल यांत फरक आहे का? मला वाटतं आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मनोऱ्याच्या बाबतीत नियम गप्प होता. आम्लाच्या बाबतीत नियम स्पष्ट बोलत होता, त्याला फक्त बहिरं केलं गेलं. गप्प असलेल्या नियमापुढे डोकं चालवणं ही इंजिनिअरची कला आहे. बोलणाऱ्या नियमाच्या तोंडावर हात ठेवणं ही वेगळी गोष्ट. डोनोह्यूने दोन्ही केलं आणि पुस्तकात दोन्ही एकाच सुरात, प्रत्येक गाडीला एक प्रकरण देऊन, मोकळेपणाने लिहून ठेवलं. त्या शीर्षकातला ‘अन्याय्य फायदा’ म्हणजे त्याच्या लेखी मुख्यतः इतरांपेक्षा जास्त केलेलं काम. पण वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ दिसतात, आणि ते त्यालाही दिसत असणार.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण अमेरिकेत उघडकीला आलं. डिझेल गाडीतलं सॉफ्टवेअर ‘आपली तपासणी चालू आहे’ हे ओळखायचं, तेवढ्यापुरता धूर स्वच्छ सोडायचं, आणि रस्त्यावर आलं की पुन्हा मूळ पदावर. मी तेव्हा शाळा संपवून कॉलेजात शिरत होतो. सेब्रिंगच्या १५-१६ची ही पुढची पिढी. नंबर रंगवणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी माझ्या धंद्यातला माणूस आला.

माझी स्वतःचीही एक कथा आहे. पहिल्या नोकरीत एका ग्राहकाला नवी प्रणाली दाखवायची होती. एक अहवाल उघडायला बारा-तेरा सेकंद घ्यायचा. मी आदल्या रात्री त्याची उत्तरं आधीच काढून साठवून ठेवली. प्रात्यक्षिकात अहवाल चुटकीसरशी उघडला. सगळे खूश, माझी पाठ थोपटली गेली. खऱ्या माहितीवर प्रणाली चालू झाली तेव्हा ती अर्थातच रांगत होती. मी तोवर दुसऱ्या कामावर गेलो होतो. रात्रपाळीला फोन घेणारी एक मुलगी होती, माझ्याहून धाकटी. तिने तीन आठवडे ग्राहकाचा ओरडा खाल्ला. तिला मी कधी काही सांगितलं नाही. ते पुस्तक वाचताना हसू उतरलं ते तिच्या आठवणीने.

पद्मिनी आणि जॅव्हलिन

इथे प्रश्न पडतो की हेच साल आपल्याकडे कसं होतं? १९६८ मध्ये मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडत होती. तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. कमॅरोची चारशेच्या वर. आपल्याकडे गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. जी गाडी न विकताही खपते तिची रविवारी शर्यत लावून सोमवारी काय मिळवायचं? तरीही वेडे लोक होते. मद्रासजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती होत आणि तिथे याच फियाट, अ‍ॅम्बॅसेडर आणि हेराल्ड धावत. आपल्या खेळाची अडचण हुशारीची नव्हती. हुशारी तर मामाच्या गॅरेजात टांगलेली होती. ती मोजायला वर्तुळ आखलेलं नव्हतं.

तिकडे १९७० मध्ये पेन्स्की आणि डोनोह्यूने जिंकणारी कमॅरो सोडली आणि अमेरिकन मोटर्सची जॅव्हलिन घेतली. अमेरिकन मोटर्स ही तीन बड्या कंपन्यांपुढची धाकटी कंपनी. तिची ओळख काटकसरी कुटुंबाच्या गाड्या बनवणारी अशी. ते वर्ष या मालिकेचं सर्वांत चुरशीचं मानलं जातं. पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर यांच्या मस्टँगनी किताब नेला. डोनोह्यूला तीनच विजय मिळाले. गाडीच्या मागच्या टोकाला हवा दाबून धरणारी एक उभी पट्टी त्याने बेतली. शर्यतीत ती वापरायची तर दुकानातल्या गाड्यांवरही ती हवी, म्हणून त्याच्या सहीची खास जॅव्हलिन विक्रीला आली. २५०० गाड्यांची अट होती. कंपनीने २५०१ बनवल्या. तो वरचा एक मला फार आवडतो.

१९७१ मध्ये त्याने सात शर्यती जिंकल्या आणि अमेरिकन मोटर्सला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. हेही सांगायला हवं की तोवर फोर्डसारख्या बड्या कंपन्यांनी हात आखडता घेतला होता आणि स्पर्धा पातळ झाली होती. पण ज्या गाडीला दोन वर्षांपूर्वी कुणी गंभीरपणे घेत नव्हतं तिला तिथवर नेणं हे काम त्याचंच.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण ती जगाला जास्त माहीत आहेत. १९७२ मध्ये त्याने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली, ताशी १६२.९६२ मैलांच्या सरासरीने. पेन्स्कीचा तिथला तो पहिला विजय. जानेवारी १९७३ मध्ये रिव्हरसाइडला चारही चाकांना डिस्क ब्रेक लावलेली मॅटाडोर, म्हणजे पुन्हा एक अमेरिकन मोटर्सची घरगुती गाडी, चालवून नॅसकारची शर्यत जिंकली. त्याच वर्षी पोर्शची हजाराहून जास्त अश्वशक्तीची ९१७/३० घेऊन कॅन-अ‍ॅम मालिका एकहाती गाजवली. ती गाडी त्याने जर्मन इंजिनिअरांबरोबर बसून महिनोन्‌महिने घडवली होती. आणि १९७४च्या सुरुवातीला, सगळं जिंकून, निवृत्ती जाहीर केली.

एक टायर

निवृत्ती काही महिनेच टिकली. पेन्स्की फॉर्म्युला वनमध्ये उतरत होता आणि त्याला चालक हवा होता. १९७५चा हंगाम कष्टाचा गेला. दोनदा पाचवा क्रमांक, बाकी झगडणं. ९ ऑगस्टला अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर त्याने जुन्या ९१७/३० मध्ये ताशी २२१.१२० मैलांची फेरी मारून बंदिस्त ट्रॅकवरचा जागतिक विक्रम केला. आठ दिवसांनी, १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियन ग्रांप्रीच्या सकाळच्या सरावात वेगवान वळणावर त्याच्या गाडीचा एक टायर निकामी झाला. गाडी जाळ्या तोडून बाहेर गेली. तिथे उभा असलेला एक मार्शल मरण पावला. डोनोह्यू शुद्धीवर होता, बोलत होता, पण डोक्याला मार लागला होता. डोकेदुखी वाढत गेली. त्याला ग्राझच्या रुग्णालयात नेलं, शस्त्रक्रिया झाली. १९ ऑगस्टला तो गेला. वय ३८. पुस्तक त्याच वर्षीचं.

प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या माणसाला न मोजता आलेल्या गोष्टीने नेलं. त्याच्या कुटुंबाने टायर बनवणारी गुडइयर आणि पेन्स्की यांच्यावर दावा लावला आणि १९८४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या ज्यूरीने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटलं. ज्या पेन्स्कीने अंत्यविधीला त्याला शोधलं, त्याच्याशी त्याच्या घरच्यांचं नातं कोर्टात आलं.

इथे एक घाईचा निष्कर्ष काढायचा मोह होतो. नियमांशी खेळला, नियतीने वचपा काढला. मला तो मान्य नाही. ऑस्ट्रियातल्या त्या सकाळी त्याने काही लबाडी केलेली नव्हती. आम्लाच्या टाकीचा आणि त्या टायरचा काही संबंध नाही. मला दिसतं ते इतकंच. गाडी पास झाली आहे या विश्वासावर तिच्या जवळ माणसं उभी असतात. झेंडा घेऊन उभा मार्शल, शेजारच्या रांगेतला चालक, कुंपणामागचा प्रेक्षक. त्यांनी वजनकाटा पाहिलेला नसतो. पास म्हणजे पास, एवढंच त्यांना माहीत असतं. सेब्रिंगच्या हलक्या पत्र्याने कुणाला इजा झाली नाही. झाली नाही हे त्या युक्तीचं श्रेय नव्हे.

वादळानंतर पंधराएक दिवसांनी मी पेणला गेलो. मामाच्या गॅरेजचे पत्रेही उडाले होते, नवे बसवणं चाललं होतं. मी उत्साहाने त्याला १५-१६ची गोष्ट सांगायला लागलो. तो ऐकत होता. मग माझं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. चारही खुंट्या रिकाम्या.

“वादळात गेले?”

“नाही रे. त्याच्या आधीच काढले.”

त्याने सलग सांगितलं नाही, कामात तोंड घालून तुकड्यातुकड्याने सांगितलं. आदल्या पावसाळ्यात एक टेम्पो पास होऊन आला. संध्याकाळी टायर उतरले, गोटा टायर चढले. आठवड्याच्या आत वडखळच्या पुढे पावसात, जिथे अर्धा रस्ता जुना आणि अर्धा नव्या चौपदरीकरणाचा खणून ठेवलेला, तिथे ब्रेक मारताच गाडी आडवी झाली. ड्रायव्हर वाचला. क्लीनरचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. एकोणीस वर्षांचा पोरगा.

“रस्ता खराब होताच,” मी म्हणालो.

“होता ना. रस्ता खराब होता, पाऊस होता, तो जोरात होता. सगळं होतं,” मामा म्हणाला. “पण टायर माझ्या हाताने बदललेले.”

ते चार टायर त्याने त्याच टेम्पोला कायमचे बसवून दिले. दुरुस्तीचेही पैसे घेतले नाहीत.

मार्कचा मुलगा डेव्हिड त्या वेळी लहान होता. तोही चालक झाला. जानेवारी २००९ मध्ये त्याच्या संघाने डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, त्याच्या वडिलांनी ती १९६९ मध्ये जिंकली होती त्यानंतर बरोबर ४० वर्षांनी. चोवीस तास पळून पहिल्या आणि दुसऱ्या गाडीतलं अंतर एका सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी होतं. मोजता येणाऱ्या गोष्टी किती बारीक मोजता येतात, ते त्या आकड्यात दिसतं.

रात्रपाळीच्या त्या मुलीला मी गेल्या वर्षी फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीत आहे. मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. लॉगमध्ये दिसत होतं.” मग तिने विचारलं, आता अहवाल किती सेकंदांत उघडतो? मला माहीत नव्हतं. मी कधी मोजलंच नव्हतं.